अंगावर काढलेले दुखणे

मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा वाक्प्रचार आहे, आणि तो इतक्या सहजपणे तोंडी येतो की त्यात दडलेल्या कौतुकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अंगात ताप असताना लोकल पकडणाऱ्या माणसाबद्दल किंवा गुडघा सुजलेला असताना घरचे सगळे उरकणाऱ्या बाईबद्दल हे शब्द उच्चारले जातात, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात काळजी असते, पण काळजीपेक्षा आदर अधिक असतो. याउलट लहानशा तक्रारीसाठी दवाखाना गाठणाऱ्याच्या वाट्याला ‘जरा काही झाले की डॉक्टर’ हा शेरा ठरलेला असतो. दिसणारा, जाणवणारा, कधी बोटालाही लागणारा आजार असूनही माणसे उपचार का लांबवतात, या प्रश्नाचा विचार या वाक्प्रचारापासून सुरू करावा लागतो, कारण सोसणे हा जेथे गुण मानला जातो तेथे वेळेवर डॉक्टरकडे जाणे हे कमकुवतपणाचे लक्षण ठरते.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न विशेष बोचतो. एखाद्या दुर्गम पाड्यावर उपचाराला उशीर झाला तर अंतर, रस्ता आणि पावसाळा यांच्याकडे बोट दाखवता येते. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथे स्टेशनपासून घरापर्यंतच्या वाटेवर चार-पाच दवाखाने, दोन-तीन पॅथॉलॉजी लॅब आणि त्याहून अधिक औषधांची दुकाने लागतात. घाटकोपरला राजावाडी, जुहू-विलेपार्ल्याला कूपर, जोगेश्वरीला ट्रॉमा केअर आणि कांदिवलीला शताब्दी अशी महापालिकेची रुग्णालये आहेत. असे असूनही स्तनातील गाठीवरची कातडी ओढली गेल्यानंतर, तोंडातील जखमेने जबडा आखडल्यानंतर किंवा खोकल्यातून रक्त पडू लागल्यानंतर रुग्ण प्रथमच डॉक्टरसमोर येऊन बसतो, ही येथे नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

वैद्यकशास्त्राने या उशिराचा विचार सुरू केला तो दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी. जॉर्ज पॅक आणि जेम्स गॅलो या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९३८ मध्ये कर्करोगाच्या उपचारांतील दिरंगाई तपासताना ‘रुग्णाचा विलंब’ आणि ‘डॉक्टरचा विलंब’ असे दोन भाग पाडले, आणि लक्षण जाणवल्यापासून तीन महिन्यांत डॉक्टरकडे न जाणे हा रुग्णाचा अवाजवी विलंब मानला. पुढे १९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी बाळंतपणातील मृत्यूंचा अभ्यास करताना अधिक उपयोगी अशी मांडणी केली, जी आज ‘तीन विलंब’ या नावाने ओळखली जाते: पहिला विलंब उपचार घेण्याचे ठरवण्याचा, दुसरा उपचाराच्या ठिकाणी पोहोचण्याचा आणि तिसरा तेथे पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्याचा. या मांडणीतील मर्म असे की हे तीन टप्पे एकमेकांपासून सुटे नसतात. पुढे रांग किती आहे, वाट किती अवघड आहे आणि तेथे वागणूक कशी मिळते हे माणसाला आधीच ठाऊक असते, किंवा ठाऊक आहे असे वाटते, आणि म्हणूनच त्याचा पहिला निर्णय लांबतो. ज्याला बाहेरून आळस किंवा अज्ञान म्हटले जाते ते पुष्कळदा आतून पाहिल्यास एक हिशेब असतो. तो चुकतो, पण त्यामागे विचार नसतो असे म्हणता येत नाही.

या हिशेबात पहिली अडचण शरीरच निर्माण करते. सर्वसाधारण माणूस आजार मोजतो तो वेदनेच्या मापाने. दाढ ठणकू लागली की तो रात्रीच डॉक्टर शोधतो, पण न दुखणारी गोष्ट त्याला थांबू शकणारी वाटते. दुर्दैवाने अनेक गंभीर आजार आरंभी दुखतच नाहीत. स्तनातील कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा वेदनारहित असते, कुष्ठरोगाचा चट्टा तर बधिर असतो, आणि वाढलेला रक्तदाब किंवा रक्तातील साखर वर्षानुवर्षे कोणतीही चाहूल न देता हृदय, मूत्रपिंडे आणि डोळे यांचे नुकसान करत राहते. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत शहरातील प्रौढांपैकी सुमारे ३४ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आणि सुमारे १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीवर आढळली, याचा अर्थ सकाळच्या लोकलच्या एका डब्यात उभ्या असलेल्या माणसांपैकी कितीतरी जणांच्या अंगात न दुखणारा आजार त्या क्षणी काम करत असतो.

दुसरी अडचण नावांची आहे. कोणतेही लक्षण जाणवल्याबरोबर माणूस त्याला एक ओळखीचे नाव देतो, आणि मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथाल यांनी दाखवून दिल्याप्रमाणे पुढचे सारे वागणे त्या नावाप्रमाणे घडते. मराठी घरांत ही नावे तयारच असतात: गॅस, पित्त, उष्णता, थंडी, अशक्तपणा, दगदग आणि वय. छातीत भरून आले की ‘गॅस धरला असेल’ असे म्हटले जाते, मग ओवा-हिंग होते, लिंबू-सोडा होतो, पाठ चोळली जाते आणि मेडिकलमधून अॅसिडिटीची गोळी येते. तासाभराने ढेकर आली की निदान बरोबर होते असा सगळ्यांचा समज होतो, आणि ढेकर न आल्यास ‘सकाळी बघू’ असे ठरते. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नलिका गुठळीने बंद झालेली असते आणि तो स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो, त्यामुळे गुठळी विरघळवण्याचे किंवा नलिका उघडण्याचे उपचार पहिल्या काही तासांतच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. भारतातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत २०,४६८ रुग्णांची नोंद करून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या अभ्यासात लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे भरला, म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तासांहून अधिक वेळ लागला. रुग्णालयाच्या दारातून आत गेल्यावर गुठळी विरघळवणारे औषध मिळेपर्यंत मात्र ५० मिनिटेच गेली होती. उशीर मुख्यतः दाराबाहेर होतो हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट दिसते. मधुमेही व्यक्तींमध्ये आणि स्त्रियांमध्ये तर छातीत कळ न येता नुसता घाम, दम, मळमळ किंवा जबड्यातील दुखणे एवढेच जाणवू शकते, आणि ही लक्षणे ‘दगदग’ या नावाखाली अगदी सहज बसतात.

मग माणूस अखेर डॉक्टरकडे जातो तो केव्हा? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग झोला यांनी १९७३ मध्ये बोस्टनच्या रुग्णालयांतील रुग्णांच्या अभ्यासातून असे दाखवले की दुखणे सर्वाधिक वाढले तेव्हा माणसे डॉक्टरकडे आली असे नव्हते. त्यांना आणणारी कारणे वेगळीच होती. घरात किंवा नात्यात काही खळबळ उडणे, चारचौघांतील वावर अवघड होणे, दुसऱ्या कोणीतरी ‘आता जा’ असा आग्रह धरणे, काम करता न येणे आणि ‘सोमवारपर्यंत बरे वाटले नाही तर जाऊ’ अशी स्वतःच घातलेली मुदत संपणे, अशी ती पाच कारणे होती. उपनगरांतील जगण्याला ही यादी आश्चर्य वाटावे इतकी लागू पडते. येथे मुदती सणावारांच्या असतात: गणपती झाले की, दिवाळी उरकली की, मुलाची दहावी आटोपली की, मे महिन्यात गावाहून परतलो की. प्रत्येक मुदत आपापल्या जागी रास्त असते आणि एकापाठोपाठ एक येत राहते, त्यामुळे जानेवारीत लागलेली गाठ नोव्हेंबरपर्यंत घरातच राहते. ‘आता जा’ असे सांगणारे माणूस ज्याच्या आयुष्यात नसते, म्हणजे भाड्याच्या खोलीत चौघांत राहणारा परप्रांतीय मजूर, एकटी राहणारी वृद्धा किंवा जिच्यावर सगळे घर अवलंबून आहे अशी गृहिणी, त्याची मुदत संपतच नाही.

काम करता न येणे हे झोला यांच्या यादीतील कारण मुंबईत सर्वांत प्रबळ आहे, आणि येथे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला महापालिकेच्या रुग्णालयात दाखवायचे असेल तर तिला सकाळी लवकर केसपेपरच्या रांगेत उभे राहावे लागते. केसपेपर म्हणजे रुग्णाच्या नोंदीचा कागद. तो नाममात्र शुल्कात मिळतो, पण तो मिळाल्यावर ओपीडीची म्हणजे बाह्यरुग्ण विभागाची दुसरी रांग लागते, आणि एखाद्या विशिष्ट तज्ज्ञाची ओपीडी आठवड्यातून ठरावीक वारीच असल्याने वार चुकला तर ती परत जाते. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले तर तिसरी रांग, सोनोग्राफी सांगितली तर पुढची तारीख, अहवाल दाखवायला आणखी एक दिवस. प्रत्येक फेरीला चारही घरचा खाडा पडतो, म्हणजे न गेलेल्या दिवसाचे पैसे कापले जातात किंवा निदान बोलणी बसतात, आणि दोन-तीन खाडे सलग झाले की त्या घरी दुसरी बाई लागते. उपचार जवळजवळ फुकट आणि तपासणी मात्र महाग, अशी ही विचित्र स्थिती आहे. कारण ज्या किमतीत ती मोजली जाते ती किंमत रुपयांच्या पावतीवर कोठेच छापलेली नसते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याचा, रिक्षाचालकाचा, फेरीवाल्याचा आणि घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाचा हिशेब याहून निराळा नाही.

संघटित क्षेत्रातील कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना आणली, तिच्यात आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद आहे आणि अंधेरी, कांदिवली, मुलुंड येथे तिची रुग्णालयेही उभी राहिली. पण महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाच्या नोंदणीकृत नोकरीत असलेल्यांनाच ती लागू होते, घरकामगार आणि नाका कामगार तिच्या बाहेरच राहतात, आणि अंधेरी एमआयडीसीतील रुग्णालय तर डिसेंबर २०१८ मधील प्राणघातक आगीनंतर प्रदीर्घ काळ रुग्णांना दाखल करून घेण्याच्या स्थितीत नव्हते.

मध्यमवर्गाची स्थिती वरवर पाहता बरी वाटते, पण तिच्यात वेळेची टंचाई तशीच आहे. बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून सीएसएमटीला रोज जाणाऱ्या माणसाचे तीन-चार तास दारापासून दारापर्यंतच्या प्रवासात जातात. तो निघतो तेव्हा दवाखाना उघडलेला नसतो आणि परततो तेव्हा फॅमिली डॉक्टरकडे विसावा नंबर लागलेला असतो. रविवारी बहुतेक दवाखाने बंद किंवा अर्धा दिवस चालू असतात. या फटीत औषधाचे दुकान बसते: रात्री दहाला उघडे, रांग नाही, प्रश्न नाहीत, आणि ‘पित्तावर काहीतरी द्या’ एवढे सांगितले की गोळी हातात पडते. वेदनाशामक गोळ्या अशा रीतीने महिनोन्महिने घेतल्या गेल्या तर मूत्रपिंडांना इजा पोहोचते, शिवाय मूळ आजाराचा एकमेव आवाज, म्हणजे वेदना, तीही दाबली जाते.

विम्याच्या योजनांनी हा प्रश्न सुटेल असे मानले जाते. तो त्या बाजूने पूर्णपणे सुटणार नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली त्यांत मुंबई उपनगर होते. तीच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते आणि तिने असंख्य कुटुंबांना कर्जातून वाचवले आहे. परंतु अशा योजना मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावर लागू होतात, आणि उशीर होतो तो दाखल होण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या तपासणीच्या, पहिल्या सोनोग्राफीच्या, पहिल्या खाड्याच्या वेळी. मोठ्या शस्त्रक्रियेचे पैसे सरकार देते, पण ती शस्त्रक्रिया लहान असतानाच उरकावी यासाठी लागणारा खर्च घरातूनच करावा लागतो, असा हा उलटा क्रम आहे.

उपनगरांच्या वाढीचा इतिहासही येथे आडवा येतो. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी झाला आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक भरली, तर मूळ शहर जिल्ह्याची जेमतेम ३१ लाख. मात्र महापालिकेची जुनी मोठी शिकवणारी रुग्णालये, म्हणजे केईएम, नायर आणि शीव, ही शहर जिल्ह्यातच आहेत. उपनगरांत कूपरला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०१५ मध्ये. माणसे उत्तरेकडे आणि पूर्वेकडे सरकली, रुग्णालये पुष्कळशी शहरातच राहिली. त्यामुळे उपनगरातील डॉक्टर जेव्हा ‘एकदा केईएमला दाखवून घ्या’ असे म्हणतो तेव्हा रुग्णाच्या डोळ्यांसमोर गर्दीची लोकल, दादरचा जिना आणि अख्खा दिवस उभा राहतो, आणि ‘टाटाला जा’ असे म्हटले तर निदानच उभे राहते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून लाखो लोकांना उपचार देत आले आहे, पण बोलीभाषेत त्याचे नाव कर्करोगाचा पर्यायी शब्द झाले आहे, आणि नुसती शंका फेडून घेण्यासाठी तेथे जाणेही अनेकांना शिक्षा ऐकायला जाण्यासारखे वाटते. ‘तपासले की काहीतरी निघतेच’ हे वाक्य या भीतीतून येते. जणू आजार तपासणीमुळे उत्पन्न होतो.

स्त्रियांच्या बाबतीत या सगळ्यावर लज्जेचा आणखी एक थर चढतो. हा थर जुना आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये अमेरिकेला जाण्यापूर्वी सेरामपूर येथे केलेल्या भाषणात हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली ती याच कारणाने, की पुरुष डॉक्टरसमोर दुखणे उघड करण्यापेक्षा स्त्रिया ते सोसणे पत्करत होत्या. त्या १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया आणि मुलांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले, जेथे एडिथ पेची यांच्यासारख्या स्त्री-डॉक्टर काम करत होत्या. आज स्त्री-डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, तरी अंगावरून पांढरे जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, अंग बाहेर येणे या तक्रारी पन्नाशीच्या बाईच्या तोंडून सहज निघत नाहीत. आंघोळ करताना हाताला लागलेली गाठ ती प्रथम कोणालाच सांगत नाही. सांगितली तर नवऱ्याच्या आधी बहिणीला सांगते, आणि मुलीचे लग्न ठरायचे असेल तर बहिणीलाही नाही, कारण ‘त्या घरात कॅन्सर आहे’ हे शब्द स्थळापर्यंत पोहोचतील अशी धास्ती असते.

या थराला भेदणारे एक मोठे काम मुंबईतच झाले आहे आणि ते मराठी वाचकांना पुरेसे माहीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील २० गरीब वस्त्यांचे समूह निवडून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. अर्ध्या समूहांत दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करण्यात आली, उरलेल्या अर्ध्यांत आरोग्यशिक्षण देण्यात आले. गर्भाशयाच्या मुखाची ही तपासणी अत्यंत साधी असते: सौम्य अॅसेटिक आम्ल, जे आपल्या ओळखीच्या व्हिनेगरमध्ये असते, ते मुखावर लावले की संशयास्पद भाग पांढरा पडतो आणि चांगल्या उजेडात डोळ्यांनी दिसतो. तपासणाऱ्या कोण, तर दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये स्तनांच्या तपासणीचे निष्कर्ष मांडले: तपासणी झालेल्या समूहांत तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या बाजूला ४७ टक्के, सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही, पण ५० व त्यावरील वयाच्या स्त्रियांत ती सुमारे ३० टक्के होती.

या आकड्यांमागील दृश्य अधिक बोलके आहे. दोन्ही बाजूंच्या स्त्रिया एकाच प्रकारच्या वस्त्यांत राहत होत्या, माहिती दोघींनाही मिळत होती. फरक एवढाच की एका बाजूला दाराशी आलेल्या बाईने वस्तीतच तपासणी केली आणि दोन वर्षांनी पुन्हा केली. नुसत्या माहितीने माणूस हलत नाही, त्याला हलवायला माणूस लागतो, असे यावरून म्हणता येते.

पुरुषांचा विलंब बहुधा तोंडात असतो. मावा, सुपारी किंवा गुटखा वर्षानुवर्षे गालात धरल्याने तोंडाच्या आतील मऊ अस्तर ताठर होत जाते, त्याला वैद्यकीय भाषेत सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. हा आजार डॉक्टरला कळण्याच्या कितीतरी आधी स्वयंपाकघराला कळलेला असतो. प्रथम तिखट झोंबू लागते म्हणून त्या माणसासाठी भाजी वेगळी काढली जाते, मग भाकरी आमटीत कुस्करून वाढावी लागते, आणि एक दिवस वडापाव तोंडात मावत नाही म्हणून तो चुरून खाल्ला जातो. घर प्रत्येक टप्प्यावर जुळवून घेते आणि त्या जुळवून घेण्यानेच आजार झाकला जातो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सवय सुटलेली नाही, आणि सवय असलेल्या माणसाला डॉक्टरपेक्षा डॉक्टरच्या बोलण्याची भीती अधिक असते. ‘आधी तंबाखू सोडा, मग या’ असे एकदा ऐकलेला माणूस तंबाखू सुटेपर्यंत येत नाही. म्हणजे येतच नाही.

भीतीलाही इतिहास असतो. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा रुग्णांना जबरदस्तीने घरातून उचलून नेले जाऊ लागले, रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही असा समज पसरला, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. आजारी माणसे माळ्यावर आणि कपाटांआड लपवली गेली. सव्वाशे वर्षांनी कोविडच्या काळात, २०२० मध्ये, इमारत सील होईल आणि सगळ्या घराला विलगीकरणात नेतील या भयाने ताप लपवला गेला. त्या वर्षी देशात क्षयरोगाच्या नोंदी २०१९ मधील सुमारे २४ लाखांवरून सुमारे १८ लाखांवर आल्या. क्षय तेवढ्याने कमी झाला नव्हता. खोकणारी माणसे घरात थांबली होती. ज्या समाजात निदान झाले की ताटवाटी वेगळी होते आणि घरमालक खोली रिकामी करायला सांगतो, तेथे निदान टाळणे हा स्वतःचा बचाव होतो.

या सगळ्यात दोष रुग्णाच्या बाजूला झुकतो असे वाटू नये म्हणून दुसरी बाजू सांगणे भाग आहे. क्षयाचे पुष्कळ रुग्ण तसे वेळेवरच डॉक्टरकडे जातात, पण गल्लीतल्या पहिल्या डॉक्टरकडे, आणि तेथे खोकल्याच्या बाटलीवर आणि प्रतिजैविकांवर आठवडे निघून जातात. मुंबई आणि पाटणा येथे २०१४-१५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात क्षयाची लक्षणे सांगण्याचे प्रशिक्षण दिलेल्या व्यक्तींना रुग्ण म्हणून खासगी डॉक्टरांकडे पाठवण्यात आले. अडीच हजारांहून अधिक भेटींपैकी सुमारे ३५ टक्के भेटींतच योग्य दिशेने पाऊल टाकले गेले. औषधयोजनेची स्थितीही बरी नव्हती: हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या धारावीतील पाहणीत १०६ डॉक्टरांनी क्षयासाठी ६३ निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्या आणि त्यांतील केवळ सहा डॉक्टरांची योजना बरोबर होती. जो माणूस एकदा खाडा पाडून गेला आणि बरा न होता परतला, तो दुसऱ्यांदा जायला दुप्पट वेळ लावतो, आणि तो दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

सुधारणा कोठून होईल, याची काही चिन्हे दिसतात. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ ही योजना सुरू केली, तिची वेळ सकाळी सात ते दुपारी दोन आणि दुपारी तीन ते रात्री दहा अशी ठेवण्यात आली. या योजनेच्या राजकीय जाहिरातीबद्दल कोणाला काहीही वाटो, रात्री दहापर्यंत उघडा असलेला सरकारी दवाखाना ही खाड्याच्या प्रश्नाची खरी जाण असलेली कल्पना आहे, आणि तेथे डॉक्टर, औषधे व तपासण्या रोज उपलब्ध राहतील याचा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे. हृदयविकारासाठी १०८ ही रुग्णवाहिका सेवा राज्यभर विनामूल्य आहे. क्षयाच्या रुग्णाला उपचारकाळात पोषणासाठी दरमहा मिळणारी ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे.

उरते ते घरातील काम. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातील जखम, स्तनात नव्याने लागलेली कोणतीही गाठ, पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा दिसलेले रक्त, बधिर झालेला कातडीचा चट्टा यांपैकी काही घरात कोणी अंगावर काढत असेल, तर वाचकाने त्याला उपदेश करू नये. एक दिवसाची रजा काढावी आणि सकाळी त्याच्याबरोबर केसपेपरच्या रांगेत उभे राहावे. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटत असेल तर सकाळचीही वाट पाहू नये.